सतरा रांगांची मण्यार

बरणीमावशीला पहिले कित्येक महिने 'साप' हा शब्द तोंडातून काढता येत नव्हता. 'लांबडं' म्हणायची. नवरा संग्रहालयात शिपाई होता, तो एकाएकी गेला आणि त्याच्या जागेवर हिला घेतलं. पहिल्या दिवशी हातात किल्ली पडली ती नेमकी सापांच्या खोलीची. आत अकराशे बरण्या आणि बरणीगणिक एक लांबडं, वेटोळं घातलेलं, डोळे पांढरे पडलेलं. मावशी उंबऱ्यावर जी थबकली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच. शेवटी आतून बाई बाहेर आल्या. त्या सापांच्या शास्त्रज्ञ, सगळा विभाग त्यांच्याकडे. चष्मा कपाळावर, हातात टाचणी.

"मेलेत गं सगळे," बाई म्हणाल्या. "आणि मेलेल्यांनी मला आजवर काही त्रास दिलेला नाही. जिवंतांबद्दल तसं म्हणता येत नाही. ये आत."

ती आत गेली आणि एकतीस वर्षं आतच राहिली. काम म्हटलं तर सोपं. झाकण कितीही घट्ट लावा, स्पिरिट उडतंच. ते वरचेवर भरायचं. पिवळं पडलं की बदलायचं. शेवटच्या मांडणीपर्यंत पोचावं तर पहिल्या मांडणीवरचं पुन्हा उतरलेलं असायचं. हाताला, केसांना, पदराला तोच वास. मुलगी लहानपणी आतल्या खोलीतूनच सांगायची, आई आली म्हणून. शेजारणी गमतीने विचारत, 'काय गं, नवऱ्याची नोकरी आवडली का?' तर मावशी म्हणायची, "साप म्हणू नये धाकला, नवरा म्हणू नये आपला. मला दोघांचंही कळून चुकलंय."

या कामात खरी जोखीम चिठ्ठीची. प्रत्येक सापाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. त्यावर नंबर, कुठे सापडला ते ठिकाण, तारीख. सगळं पेन्सिलीने, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. बरणी फुटली तर दुसरी मिळते. चिठ्ठी गेली तर सापच गेला, मग तो कोण, कुठला, कुणालाच सांगता येत नाही. म्हणून बाईंचे दोन नियम होते. टेबलावर एका वेळी एकच साप. आणि नवी चिठ्ठी बांधल्याशिवाय जुनी सोडायची नाही. बाई कशावरून फारशा रागवत नसत, पण या दोन गोष्टींवरून त्यांनी एका सहायकाला रडवलं होतं.

पुढे मावशीचा हात बसला तशी बाईंनी तिला खवले मोजायला शिकवलं. सातवी शिकलेल्या बाईमाणसाला कोण असलं काही शिकवतं? पण बाईंना कंटाळा नव्हता. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असले म्हणजे मण्यार असं नव्हे, कवड्याही तसाच दिसतो आणि तो बिचारा बिनविषारी. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या, सहा कोनांच्या खवल्यांची एक रांग असते, ती आधी बघायची. मग अंगावरच्या खवल्यांच्या रांगा मोजायच्या. पोटाच्या एका कडेपासून तिरकं वर चढायचं, पाठीवरून पलीकडे उतरायचं, टाचणीने एकेका खवल्याला शिवत. साध्या मण्यारीच्या रांगा पंधरा. पण मोजायचं मध्यावर. तोंडापासून शेपटी सुरू होते तिथपर्यंत दोरा धरायचा, तो दुमडायचा; दुमड येईल तिथे मध्य.

"मानेजवळ रांगा जास्त असतात, पुढे कमी होत जातात," बाई सांगायच्या. "म्हणून मध्य. दुसरीकडे कुठेही मोजलंस तर ती मोजणी नाही, नुसता चाळा आहे."

बाईंच्या निवृत्तीला सहा महिने राहिले असताना एका कोरड्या माळावरून कुणीतरी एक मण्यार मारून आणली. दिसायला चारचौघींसारखी. बाईंनी ती ताजी असतानाच टेबलावर सरळ निजवली. दोऱ्याचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं मावशीच्या. दुमड आली, बाईंनी मोजलं. सतरा. पुन्हा मोजलं. सतरा. मग टाचणी मावशीच्या हातात दिली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मावशीने मोजलं, सतरा. त्या दिवशी बाईंनी दोघींसाठी बाहेरून चहा मागवला, एरवी त्या खोलीत चहाचा कप आणायलाही बंदी होती.

जबडा, दात, शेपटीखालचे खवले साध्या मण्यारीसारखेच निघाले, फरक तेवढा रांगांचा; त्यावरून बाईंनी त्या मण्यारीला नवी जात म्हणून नाव दिलं. जातीचं नाव ज्या एका सापावर ठेवतात त्याला मूळ नमुना म्हणतात. पुढे कुणाला शंका आली तर त्याने येऊन तोच साप बघायचा. चाळीस वर्षं साप तपासून बाईंच्या नावावर एवढी एकच जात लागली. त्यांना लग्न-मूलबाळ काही नव्हतं, आणि तसली दुसरी मण्यार पुन्हा कधी मिळाली नाही. तो माळही राहिला नाही, तिथे गोदामं उभी राहिली.

आता या सोमवारी काय झालं ते ऐका. नवे सर सगळ्या मण्यारींची यादी नव्याने करत होते. माणूस सज्जन, मावशीला अहो-जाहो करणारा. त्यांनी मूळ नमुन्याची बरणी मागितली. मण्यार इतक्या वर्षांत लाकडासारखी कडक झालेली, वेटोळ्याचा मध्य आत दडलेला. सरांनी दातांचे डॉक्टर वापरतात तसला छोटा आरसा वेटोळ्यात सरकवला, भिंग डोळ्याला लावलं.

"पंधरा," ते म्हणाले.

तीनदा मोजलं. मग आरसा मावशीच्या हातात दिला. तिने मोजलं. पंधरा.

"बाईंची मोजणी चुकली असणार," सर हळूच म्हणाले.

"बाई चुकत नाहीत."

"सगळेच चुकतात हो, मावशी. त्यात निवृत्ती तोंडावर आलेली. नवी जात हवीच असली की डोळ्यांना दोन रांगा जास्त दिसतात." मग त्यांनी वही मिटली. "ही साधी मण्यार आहे. नाव यादीतून काढावं लागेल. गुरुवारी लेख पाठवतोय. बाईंना मी फोन करून सांगतो, त्यांना दुसरीकडून कळायला नको."

मावशीने बरणीचं झाकण लावलं. बाईंनी मोजलं तेव्हा दोरा हिच्या हातात होता, हिने स्वतः मोजलं होतं, सतरा. साप मेल्यावर त्याचे खवले कमी होत नाहीत. मग ही ती मण्यारच नव्हती. आणि ही ती नसली तर त्याला जगात एकच माणूस कारण होतं.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. कुणी बडे पाहुणे यायचे होते आणि आठवड्यात मण्यारींची मांडणी आवरून दे असा वरून हुकूम होता. घाईत मावशीने टेबलावर दोन साप घेतले. दोघांचेही दोरे कुजलेले; उचलताच हातात त्यांचा भुगा झाला आणि दोन चिठ्ठ्या ट्रेमध्ये तरंगायला लागल्या. एक साधी मण्यार, एक बाईंची. दोघी काळ्या, दोघी हातभर. बाईंना फोन करावा तर काय सांगणार, तुमचे दोन्ही नियम एकाच दिवशी मोडले म्हणून?

मग तिला वाटलं, मोजता येतं की आपल्याला! पण वेटोळी कडक, मध्य आत. उलगडायला जावं तर कडक साप काडीसारखा मोडतो आणि त्यातली एक तर बाईंची. तिने टाचणी पोचेल तिथे मोजलं. मानेमागे. सतरा आले आणि तिचा जीव भांड्यात पडला. दुसरी तिने मोजलीसुद्धा नाही. सतरावालीला बाईंची चिठ्ठी बांधली, गाठ दोनदा आवळली आणि त्या संध्याकाळी स्वतःवर खूश होऊन घरी गेली. मानेजवळ रांगा जास्त असतात हे तिला पाठ होतं, हो. पण माणसाला हवा तो आकडा आला की पाठ केलेलं कुठे जातं कोण जाणे.

मंगळवारी सकाळी तिने दुसऱ्या चिठ्ठीचा नंबर शोधायला घेतला. मांडणीवर ती बरणी नव्हती. तिने अकराशेच्या अकराशे बरण्या बघितल्या, एकेक उचलून, उजेडात धरून. दुपारी जेवली नाही, स्पिरिटने डोळे चुरचुरायला लागले तरी थांबली नाही. नोंदवहीचं सगळ्यात शेवटी सुचलं. आठ वर्षांपूर्वीची नोंद: 'जादा नमुने, मुलींच्या शाळेला दिले.' त्यात तो नंबर. अक्षर तिचंच. बाईंची मण्यार तिने स्वतः जुन्या कागदात गुंडाळून, खोक्यात भरून, वर सुतळी बांधून घालवली होती.

रात्री जेवताना मुलीने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. मुलगी घाबरली.

"आई, गप्प बस तू. दोन महिन्यांवर निवृत्ती आली. कुणाला कळणार आहे? आणि बाई चौऱ्याऐंशीच्या आहेत, त्यांना आता काय फरक पडतो?"

"त्यांच्या नावावर तेवढी एकच आहे गं," मावशी म्हणाली आणि ताटावरून उठली.

बुधवारी रजा टाकून ती शाळेत गेली. प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर. तिथले शिपाईमामा गप्पिष्ट, तिच्यासारखेच निवृत्तीला टेकलेले. नंबर ऐकताच म्हणाले, "मण्यार ना? आहे की!" मावशीला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. मामा स्टुलावर चढले आणि कपाटावरून एक चपटी बरणी काढून तिच्यापुढे ठेवली.

आत काचेच्या पट्टीला बांधलेले दोन तुकडे होते. एकीकडे डोकं आणि चार बोटं मान, दुसरीकडे शेपटी, तिला चिठ्ठी, तोच नंबर. मधलं काहीच नव्हतं.

"मुलींना आतले अवयव दाखवायला कापली," मामा कौतुकाने म्हणाले. "मीच कापली. बघा, काप किती स्वच्छ आहे."

"मधला भाग कुठाय?"

"तो वेगळ्या ताटलीत होता. सडला, टाकला."

"कधी?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

मावशीने ऐकलं आणि तरी शोधायला लागली. कपाटं उघडली, खण ओढले, बेडकांच्या, माशांच्या, विंचवांच्या बरण्या बाजूला केल्या, मोरीखाली वाकून बघितलं. मामा मागून म्हणत राहिले, "अहो मावशी, साप साप म्हणून भुई काय धोपटताय? टाकला म्हणतोय ना मी." शेवटी ती मुलींच्या बाकावर बसली, पिशवीतून टाचणी काढली आणि उरलेल्या मानेवर मोजलं. एकोणीस. पुन्हा एकोणीस. साध्या मण्यारीच्या मानेवर सतरा आणि हिच्या मानेवर एकोणीस; म्हणजे मध्यावर सतराच असणार. हीच बाईंची मण्यार. मावशी तोंडात पदर धरून रडली. मामांना काही समजेना, ते पाणी आणायला धावले.

गुरुवारी सकाळी सर यायच्या आधीच ती बरणी घेऊन त्यांच्या दाराशी उभी होती. तिने सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. सरांनी मान मोजली, एकोणीस आले. त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मावशी, मला पटतंय. पण मला पटून काय होतंय? बाईंच्या लेखात मध्याच्या रांगा आहेत, मानेच्या नाहीत. मध्य टाकून दिला. या तुकड्यांवरची चिठ्ठी म्हणते ही दुसऱ्याच गावची साधी मण्यार. आणि इतकी वर्षं फॉर्मालिन नि स्पिरिटमध्ये राहिलेल्या मांसातून डीएनए तपासणीत काही निघायची आशा नाही."

"मी सांगते ना. मी तिथे होते, दोरा मी धरला होता."

"तुम्ही लिहून द्या. मी लेखात एवढंच म्हणू शकतो, की मूळ नमुना गहाळ झालाय आणि ही जात आहे की नाही ते ठरवता येत नाही."

"म्हणजे बाई खऱ्या ठरतील?"

"खोट्या ठरणार नाहीत."

मावशीने तिथेच बसून लिहिलं. चुका माझ्या हातून झाल्या, कधी, कशा. सवयीने पेन्सिल उचलली होती, सरांनी पेन दिलं. तिने खाली सही केली तेव्हा सरांनी खणातून एक कागद काढला.

"हे मात्र माझ्याकडे कालच आलंय. बाईंच्या भाचीने आणून दिलं."

बाईंचं अक्षर, वाकडंतिकडं झालेलं. 'माझी मोजणी चुकली असणार. त्या काळात डोळ्यांत मोतीबिंदू होता. नाव काढून टाकावे.'

मोतीबिंदू बाईंना दहा वर्षांनंतर झाला. शस्त्रक्रियेला मावशीच सोबत गेली होती. बाई कधी खोटं बोलत नसत. आपल्या चुकीला कारण हवं म्हणून त्यांनी ते शोधून काढलं होतं आणि आता त्यांना तसंच आठवत होतं. मावशी चपला अडकवून तशीच निघाली.

दार भाचीने उघडलं. "बरं झालं आलात. सोमवारी तो फोन आल्यापासून आत्या नुसती मोजत बसलीय. गोळ्या मोजते, खिडकीचे गज मोजते, मला विचारते बरोबर आहे का. धड जेवत नाही, झोपत नाही."

बाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. पूर्वीपेक्षा अर्ध्या झालेल्या.

"ये. हे गज किती आहेत ते सांग."

"अकरा."

"मलाही अकराच येतात." बाईंनी तिच्याकडे बघितलं. "मग तेव्हा कसं गं चुकलं?"

"तेव्हा चुकलं नव्हतं, बाई." मावशी पलंगाशी खाली बसली आणि तिने सांगितलं. दोन साप, दोन चिठ्ठ्या, कुजलेले दोरे. शाळा. मामांचा स्वच्छ काप. ऐकता ऐकता बाई उशीवरून सरळ झाल्या.

"सतराच होत्या?"

"सतरा. तुम्ही दोनदा मोजलं, मग मी मोजलं."

"बघ!" बाई भाचीला म्हणाल्या. आवाज एकदम सापांच्या खोलीतला निघाला. "बघ, सांगत नव्हते मी? सतराच होत्या!" त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. गालांवर थोडा रंग आला. भाचीने घाईघाईने चहा ठेवायला घेतला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणाला चहा सुचला होता. मावशीला वाटलं, सुटले. ओरडल्या तरी चालेल, आता काही बोलल्या तरी चालेल.

बाईंनी पाठीमागची उशी सारखी केली. मग परीक्षेत विचारावं तसं विचारलं, "मध्य कसा काढायचा?"

"दोरा दुमडून."

"मानेवर मोजलं तर?"

"ती मोजणी नाही. नुसता चाळा."

"मग मान का मोजलीस?"

"कडक झाली होती, बाई. उलगडायला गेले असते तर मोडली असती. माझ्या हातून तुमची मण्यार मोडली असती."

बाई रागवल्या नाहीत. रागवल्या असत्या तर मावशीला सोसलं असतं.

"मोडू द्यायचीस," त्या म्हणाल्या. "तुकड्यांवर मोजता आलं असतं गं."

मावशीला एवढ्या वर्षांत हे एकदाही सुचलं नव्हतं. आतून भाचीने साखर किती म्हणून विचारलं.